परिविक्षेची पहिली केस: अहवाल मागवण्यापासून बंधपत्र संपेपर्यंत

आरोपी दोषी ठरला की न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?" त्यावर बहुधा ठरलेले उत्तर येते: पहिलाच गुन्हा आहे, घरात कमावता एकटाच आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी. हे सगळे खरे असू शकते, पण कोर्टापुढे त्याचा कागद नसतो. तो कागद तयार करणारा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी त्याच जिल्ह्यात असतो, त्याच्याकडून अहवाल मागवायची तरतूद १९५८ पासून कायद्यात आहे. तरीही माणूस तुरुंगात जातो, कारण त्या पाच मिनिटांत कुणी मागणीच केलेली नसते. नव्याने रुजू झालेले परिविक्षा अधिकारी, क्षेत्रकार्याला आलेले समाजकार्याचे विद्यार्थी आणि दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहू लागलेले ज्युनियर वकील यांच्यासाठी हे सारे क्रमाने मांडले आहे. आरोपीच्या घरच्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

तीन वाटा, तीन वेगळी कार्यालये

प्रोबेशन, पॅरोल आणि फर्लो हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात. अर्ज चुकीच्या दारात जातो तो इथूनच.

प्रोबेशन म्हणजे परिविक्षा. गुन्हा सिद्ध झाल्यावर, पण शिक्षा सुनावण्याआधी, कोर्ट माणसाला बंधपत्रावर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडते. तो तुरुंगात जातच नाही. याचा कायदा अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे असतात, त्यामुळे त्यांचा पत्ता पोलीस ठाण्यात किंवा कोर्टाच्या आवारात शोधू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

पॅरोल आणि फर्लो या शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या रजा. कारागृहाच्या कागदांवर पॅरोलला 'अभिवचन रजा' आणि फर्लोला 'संचित रजा' म्हणतात. महाराष्ट्रात त्या १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांखाली मिळतात आणि अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जातो. अमेरिकेत पॅरोलवर सुटलेला माणूस पॅरोल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली उरलेली शिक्षा बाहेर काढतो. आपल्याकडे तसे नाही. इथे पॅरोल ही रजा आहे, ठरलेल्या दिवशी गेटवर परत हजर व्हावेच लागते. परदेशी मालिका आणि लेख वाचून आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो.

अल्पवयीनांचे काम आणखी वेगळे. बाल न्याय मंडळापुढे बालकाला प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो आणि तो २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली. पुढचे सगळे प्रौढांबद्दल आहे.

केस बसते का, हे आधी पाहा

१९५८ च्या कायद्याचे कलम ३ म्हणजे समज देऊन सोडणे. चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी, मृताच्या मालमत्तेचा अपहार, फसवणूक (भारतीय दंड संहितेची कलमे ३७९, ३८०, ३८१, ४०४, ४२०), किंवा जास्तीत जास्त दोन वर्षे कैदेचा वा नुसत्या दंडाचा कोणताही गुन्हा, आणि आधीची दोषसिद्धी नाही, अशा ठिकाणी हे कलम चालते. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत हीच कलमे भारतीय न्याय संहितेत ३०३, ३०५, ३०६, ३१५ आणि ३१८ या क्रमांकांवर आहेत. जुना अर्ज समोर ठेवून नवा टाइप करताना हे आकडे बदलायचे राहून जातात.

कलम ४, म्हणजे बंधपत्रावर सोडणे, अधिक कामाचे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, असा कोणताही गुन्हा यात येतो. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, मिळू शकणारी शिक्षा पाहण्याऐवजी मिळेल असे वाटणारी शिक्षा पाहणे. घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याच्या खटल्यात कोर्ट दोनच वर्षे देईल असा अंदाज असला, तरी त्या कलमात जन्मठेप लिहिलेली आहे, म्हणून कलम ४ लागत नाही. दुसरी चूक उलट बाजूची: आधी एकदा शिक्षा झाली आहे म्हणून अर्जच न करणे. 'पूर्वी दोषसिद्धी नसावी' ही अट कलम ३ मध्ये आहे, कलम ४ मध्ये नाही. जुनी शिक्षा कोर्ट विचारात घेईल, पण दार बंद होत नाही.

कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात अशा मुलाला वा मुलीला कैद द्यायचीच असेल, तर कलम ३ किंवा ४ का वापरले नाही याची कारणे कोर्टाला नोंदवावी लागतात, आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. वय कोणत्या दिवसाचे धरायचे? गुन्हा घडला त्या दिवसाचे नाही. कोर्ट शिक्षेचा प्रश्न हाती घेते त्या दिवसाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या रामजी मिस्सर निकालात हे स्पष्ट केले. अटकेवेळी १९ वर्षांचा असलेला मुलगा खटला तीन वर्षे रेंगाळला की कलम ६ बाहेर जातो. म्हणून वयाचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, पहिल्याच आठवड्यात हातात हवा आणि तारखा लांबवण्यात काय जाते हे घरच्यांना समजावून सांगायला हवे.

काही कायद्यांनी हे दार स्वतःच बंद केले आहे. अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ३३ आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १९ पाहा. दोन्हींत मुख्यतः अठरा वर्षांखालच्यांनाच सूट आहे. लाचलुचपतीच्या मोठ्या गुन्ह्यांनाही परिविक्षा नाही. किमान शिक्षा लिहिलेली आहे म्हणून मात्र लगेच हार मानू नका. दंड संहितेतली किमान शिक्षा १९५८ च्या कायद्याला आपोआप अडवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लखवीर सिंग प्रकरणात २०२१ साली म्हटले आहे. १९५८ नंतरच्या विशेष कायद्यातली किमान शिक्षा असेल, तर तो कायदा मुळातून वाचा.

अर्ज: कधी आणि कशासाठी

योग्य क्षण एकच: दोषसिद्धी सांगितल्यानंतर, शिक्षा सुनावण्याआधी. अर्ज आधीच टाइप करून फाइलमध्ये ठेवा, निर्दोष सुटका झाली तर तो फाडून टाकता येतो. त्यात दोन मागण्या स्वतंत्रपणे लिहा: परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तो येईपर्यंत शिक्षेची सुनावणी दोन ते तीन आठवडे पुढे न्यावी. नुसती 'प्रोबेशनचा लाभ द्यावा' अशी मागणी केली की कोर्ट अहवालाशिवाय एका ओळीत ती नाकारू शकते.

अर्जात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०२ नमूद करा. परिविक्षा देता येत असताना दिली नाही, तर विशेष कारणे निकालपत्रात लिहिणे कोर्टावर बंधनकारक आहे. नुसते 'गुन्ह्याचे गांभीर्य पाहता' एवढेच लिहिलेला निकाल अपिलात याच मुद्द्यावर तपासला जातो. अपिलात आणि पुनरीक्षणातही परिविक्षा देता येते, हे १९५८ च्याच कायद्याचे कलम ११ सांगते. खालच्या कोर्टात विसरले, म्हणून सगळे संपले असे होत नाही.

छोट्या चोऱ्यांत एक सवय पडून गेली आहे. कच्च्या कैदेत, म्हणजे खटला चालू असतानाच्या कोठडीत, चार-पाच महिने काढलेला आरोपी गुन्हा कबूल करतो आणि 'भोगलेल्या कैदेवर' सुटतो. त्याच दिवशी घरी जाता येते म्हणून तो खूश असतो. पण भोगलेली कैद ही शिक्षा आहे, आणि तिच्यामागून येणाऱ्या अपात्रता त्याला चिकटतात. परिविक्षेत कलम १२ मुळे या अपात्रतांपासून संरक्षण मिळते. सरकारी भरती, परवाना किंवा निवडणूक यांपैकी काहीही पुढे आड येण्याची शक्यता असेल, तर दोन आठवडे थांबण्यात त्याचेच हित आहे, आणि ते त्याला साध्या मराठीत सांगायची जबाबदारी वकिलाची. याउलट, परिविक्षा मिळेल या आशेने निर्दोष माणसाला कबुली द्यायला लावू नका. परिविक्षेतही दोषसिद्धी राहतेच.

चौकशी अहवाल

परिविक्षा अधिकाऱ्याचे सगळे काम इथे आहे. कोर्टाचे पत्र आले की पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी मिळवा: आरोपपत्राची प्रत, दोषसिद्धीच्या निकालाची प्रत आणि आरोपीचा चालू पत्ता. आरोपपत्रातला पत्ता अनेकदा शिळा असतो. भाड्याची खोली सोडलेली असते, किंवा पोलिसांनी अटकेच्या जागेलाच पत्ता म्हणून लिहिलेले असते.

मग भेटी. आरोपी तुरुंगात असेल तर आधी तिथे, जामिनावर असेल तर त्याच्या घरी. घरी जाताना पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका आणि पोलीस शिपाई सोबत नेऊ नका. वस्तीत एकदा तशी गाडी दिसली की शेजारी खरे बोलत नाहीत आणि त्या घराची उरलीसुरली पत जाते. ओळखपत्र जवळ ठेवा, पण दारात मोठ्याने 'कोर्टाकडून आलोय' असे सांगू नका. घरातल्या किमान दोन माणसांशी वेगवेगळे बोला, त्यातली एक बाई असावी. नवऱ्याच्या दारूबद्दल बायको सासऱ्यासमोर बोलणार नाही. त्यानंतर एक शेजारी, कामावर ठेवणारा मालक किंवा मुकादम, शाळा-कॉलेज सुटून फार दिवस झाले नसतील तर शिक्षक, आणि गावात असाल तर पोलीस पाटील. फोनवरची चौकशी फक्त तारीख ठरवण्यापुरती.

फिर्यादीलाही भेटा. ही भेट बहुतेक जण टाळतात, आणि अहवालातला सर्वांत मोठा खड्डा तोच. माल परत मिळाला का, नुकसान किती, आरोपी परत त्याच गल्लीत आला तर भीती वाटते का, हे कोर्टाला कळायला हवे. कलम ५ प्रमाणे कोर्ट परिविक्षेसोबत नुकसानभरपाई आणि खर्च देण्याचा हुकूम करू शकते. किती रक्कम आरोपीला झेपेल याचा अंदाज तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. भेटीत समेट घडवायचा प्रयत्न करू नका, ते काम तुमच्याकडे सोपवलेले नाही.

पोलीस ठाण्यातून आधीची नोंद मागवाल तेव्हा चार गोष्टी वेगळ्या मागा: गुन्हा दाखल, खटला प्रलंबित, निर्दोष, दोषसिद्ध. 'याच्यावर पाच गुन्हे आहेत' असे वाक्य तसेच अहवालात उतरवले, आणि त्यातले चार निर्दोष सुटलेले निघाले, तर तुमच्या अहवालाने त्याला तुरुंगात घातले असे होते.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींबाबत हे विशेष जपा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यातली भाषा मात्र पोलिसांच्या कागदांत अजून भेटते: 'सवयीचा', 'फिरस्ता', 'स्थिर पत्ता नाही'. ही विशेषणे अहवालात येता कामा नयेत. स्थिर पत्त्याचा मुद्दा तर कायद्यानेच सोडवला आहे. कलम ४ चे परंतुक (कलमाला जोडलेली अट) म्हणते, गुन्हेगाराला किंवा त्याच्या जामीनदाराला कायम राहण्याची जागा किंवा नियमित व्यवसाय असावा. आणि ती जागा कोर्टाच्या हद्दीत असू शकते किंवा बंधपत्राच्या काळात तो जिथे राहण्याची शक्यता आहे तिथेही चालते. पालावर राहणाऱ्या माणसाचा मामा तालुक्याच्या गावी घर करून असेल आणि जामीन राहायला तयार असेल, तर अट पुरी होते. हे वाक्य अहवालात स्पष्ट लिहा. परंतुकाच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबून अर्ज नाकारला जातो, कारण दुसरा अर्धा कुणी दाखवून दिलेला नसतो.

लिहिताना चार-पाच पाने पुरेत. कुणाला, कुठे, कोणत्या तारखेला भेटलात याची यादी सुरुवातीला द्या. मग कुटुंब, घर, शिक्षण, काम आणि मिळकत, तब्येत आणि व्यसन, आधीची नोंद, गुन्ह्याकडे तो स्वतः कसे पाहतो, फिर्यादीचे म्हणणे, आणि शेवटी तुमचे मूल्यमापन व शिफारस. प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला स्रोत जोडा: 'आईच्या सांगण्यानुसार', 'मालकाच्या हजेरीपुस्तकावरून', 'प्रत्यक्ष पाहिले'. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. गुन्हा त्याने केला की नाही यावर एक शब्दही लिहू नका. ते ठरून गेले आहे, आणि अपील झाले तर तुमचे वाक्य त्याच्याविरुद्ध वाचले जाईल.

शिफारस हा शेवटचा परिच्छेद, पण न्यायाधीश बहुधा तोच आधी वाचतात. 'आरोपीस सुधारण्याची संधी द्यावी' हे वाक्य कुठल्याही अहवालाला लागू पडते, म्हणून त्याला वजन नाही. त्याऐवजी असे लिहा: दोन वर्षांचे बंधपत्र, एक जामीनदार (थोरला भाऊ, स्वतःचे घर, भेटून खात्री केली), वर्षभर देखरेखीचा आदेश, सध्याच्या गॅरेजमधले काम चालू ठेवणे, जिल्हा रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती उपचाराला जाणे, फिर्यादीला सहा हप्त्यांत भरपाई. प्रत्येक अट तपासता येईल अशी हवी. 'वाईट संगत टाळावी' ही अट पाळली का, हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि ज्याला कुणाला माणूस अडकवायचा असेल त्याच्या हाती ती आयती मिळते. परिविक्षा योग्य नाही असे तुमचे मत असेल तर तेही कारणांसह स्वच्छ लिहा; सगळ्यांसाठी अनुकूल अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याच्या अहवालावर कोर्ट हळूहळू विसंबणे सोडते.

अहवाल गोपनीय असतो, असे कलम ७ सांगते. कोर्टाला वाटले तर त्याचा सारांश आरोपीला कळवून त्यावर पुरावा द्यायची संधी कोर्टच देते. तुम्ही तो बंद पाकिटात द्या. फिर्यादीचा वकील, पत्रकार, आरोपीचा मालक यांपैकी कुणालाही प्रत नाही, मोबाइलवर फोटोही नाही.

आदेश हातात आला की लगेच वाचा

तिथल्या तिथे, कोर्टाच्या आवारातच. आदेशात कलम कोणते आहे? कलम ३ असेल तर बंधपत्र नाही, देखरेखही नाही. कलम ४ असेल तर बंधपत्राची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असता कामा नये. देखरेखीचा आदेश असेल तर तो एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा नसतो. परिविक्षा आणि दंड दोन्ही लिहिले असतील तर दुरुस्तीसाठी लगेच अर्ज करा. कलम ४ शिक्षेऐवजी आहे आणि दंड ही शिक्षाच. पैसे द्यायला लावायचे असतील तर ती कलम ५ खालची भरपाई किंवा खर्च असायला हवा. ही गल्लत नेहमी दिसते आणि पुढे कलम १२ चा लाभ मागताना तीच आडवी येते.

देखरेखीच्या अटी कोर्टाने समजावून सांगायच्या आणि आदेशाची एकेक प्रत गुन्हेगाराला, प्रत्येक जामीनदाराला व परिविक्षा अधिकाऱ्याला द्यायची, असे कलम ४ मध्येच आहे. जामीनदाराची प्रत अनेकदा राहून जाते. मग सहा महिन्यांनी नोटीस आल्यावर तो म्हणतो, मी फक्त त्या दिवशीपुरती सही केली होती.

देखरेख

पहिली भेट आठवड्याच्या आत. त्या भेटीत अटी पुन्हा वाचून दाखवा आणि त्याला स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. अडचण आली, पत्ता बदलायचा असला, कुणी धमकावले, तर कुणाला फोन करायचा हे ठरवून द्या. पहिले तीन महिने पंधरा दिवसांनी भेट, नंतर महिन्याला एक, अशी चाल बहुतेकांना पुरते. सगळ्या भेटी कार्यालयात ठेवल्या की रोजंदारीवाल्याची हजेरी बुडते आणि तो येणे टाळतो. त्याच्या कामाच्या वेळेनंतर घरी जा. प्रत्येक भेटीची त्याच दिवशी तीन-चार ओळींची नोंद करा: काय ठरले होते, काय झाले, पुढची तारीख.

कलम १४ परिविक्षा अधिकाऱ्यावर योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करण्याचे आणि भरपाई फेडायला मदत करण्याचे कर्तव्य टाकते. या कामाला कागदावर मोल कमी, प्रत्यक्षात सर्वांत जास्त. आधार, रेशनकार्ड, बँक खाते यांतले काय नाही ते पहिल्या महिन्यात शोधा. कागद नसलेल्या माणसाला ठेकेदार रोजगार देत नाही आणि दिला तर निम्म्या पैशांत देतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे वेळापत्रक वेगळे असते. बीड, अहिल्यानगर भागातून ही कुटुंबे दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. 'जिल्हा सोडू नये' अशी अट अशा माणसावर घातली तर तो ती मोडणारच, कारण मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. शिफारशीतच हंगामातला पत्ता, कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा संपर्क द्या, आणि त्या जिल्ह्यातल्या परिविक्षा अधिकाऱ्याला पत्राने कळवा. हे आधी केले नसेल तर कलम ८ खाली अटी बदलायचा अर्ज करता येतो. मुदत कमी-जास्त करता येते, पण मूळ आदेशापासून एकूण तीन वर्षांच्या आत, आणि बदलाआधी त्याचे व जामीनदाराचे म्हणणे ऐकूनच.

याच कलमाचा आणखी एक उपयोग फारसा होत नाही. वर्तन इतके चांगले आहे की आता देखरेखीची गरज उरलेली नाही, असे दिसले तर बंधपत्र मुदतीआधी रद्द करण्याचा अर्ज परिविक्षा अधिकारी करू शकतो. हा अर्ज करा. लायक माणसाला उगाच धरून ठेवले की नव्या केसला द्यायला वेळ उरत नाही.

अट मोडली तर

आधी ठरवा: चुकला की पळाला? भेटीला न येणे, हप्ता थकणे, न सांगता गाव सोडणे यांची कारणे आजारपण, मजुरी, मयत अशी असू शकतात. घरी जाऊन बघा, तारीख द्या, लेखी ताकीद द्या, त्याची सही घ्या. हे सगळे नोंदवहीत असल्याशिवाय कोर्टात गेलात तर जामीनदाराचा वकील पहिला प्रश्न याच्यावरच विचारेल.

अहवाल पाठवल्यावर कलम ९ खाली कोर्ट वॉरंट किंवा समन्स काढते. सुनावणीनंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते, किंवा पहिलीच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करू शकते. ही रक्कम आज नगण्य आहे, पण ठरल्या मुदतीत भरली नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. घरच्यांना पावती घ्यायला आणि जपून ठेवायला सांगा. नवा गुन्हा घडला असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात कळवा. ते दडवलेले उघड झाले की त्या कोर्टात तुमचा पुढचा कोणताही अहवाल चालत नाही.

कैद्याच्या घरच्यांसाठी: फर्लो आणि पॅरोल

फर्लोला वेगळे कारण लागत नाही. लांब शिक्षेतला एकसुरीपणा मोडावा आणि घराशी नाते टिकावे, यासाठी ती आहे. ठरावीक काळ कैद भोगल्यावर पात्रता येते. पॅरोलला मात्र कारण लागते, जसे जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार, घर पडणे, लग्न. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, नियमित पॅरोलचा साधारणपणे विभागीय आयुक्तांकडे. दिवसांची संख्या आणि अपात्र गुन्ह्यांची यादी अनेकदा बदलली आहे; जुन्या निकालातला आकडा अर्जात लिहू नका, कारागृहाच्या न्यायिक विभागातून चालू नियम विचारा.

अर्ज अडतो तो पोलीस अहवालावर. 'सुटल्यास शांतता भंग होण्याची शक्यता' एवढेच लिहून प्रतिकूल अहवाल येतो आणि रजा नाकारली जाते. म्हणून अर्जासोबतच तयारी ठेवा: रजेत तो नेमका कुठे राहील, कोण सांभाळेल, रक्ताचा नातेवाईक जामीन राहतो का, फिर्यादीचे घर किती अंतरावर आहे. फिर्यादी त्याच गावात असेल तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाचा पत्ता द्या. आजाराच्या पॅरोलला सरकारी रुग्णालयाचा ताजा दाखला जोडा. नुसती चिठ्ठी जोडलेला अर्ज पडताळणीत अडकतो आणि तोवर शस्त्रक्रियेची तारीख निघून जाते. नकार आला तर तो लेखी, कारणांसह मागा. उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

रजा हा निर्विवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नारायण साई प्रकरणात पुन्हा सांगितले. ते प्रकरण याच १९५९ च्या नियमांवरचे होते. दुसरा निकाल गोव्याचा. रोहन धुंगट प्रकरणात २०२३ साली न्यायालयाने ठरवले की मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष भोगलेली १४ वर्षे मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. जन्मठेपेच्या कैद्याने पॅरोल घ्यावी की फर्लोवर भागवावे, हे ठरवताना हा हिशेब समोर ठेवा. उशिरा परतणे सर्वांत महाग पडते: माफीचे दिवस (शिक्षेत मिळालेली सूट) कापले जातात, नवा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि पुढच्या रजेची वाट अडते. आजारपणामुळे खरोखरच थांबावे लागत असेल, तर मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज आणि त्याची पोच हवी.

बंधपत्राची मुदत संपल्यावर

कलम १२ म्हणते, कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागणार नाही. त्याचा अर्थ दोषसिद्धी पुसली गेली असा होत नाही. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यावर खात्याची कारवाई होऊ शकते. मात्र ती मनमानी नसावी, हे १९८५ च्या शंकर दास निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आणि त्या कारकुनाची बडतर्फी रद्द केली. भरतीच्या अर्जात 'दोषसिद्धी झाली होती का' असा प्रश्न असेल तर 'होय' लिहावे आणि खाली कलम ४ खाली सुटका व कलम १२ चा उल्लेख करावा. माहिती दडवली म्हणून जाणारी नोकरी कलम १२ वाचवत नाही.

मुदत संपली की समारोपाचा अहवाल कोर्टात द्या आणि त्याला मूळ निकाल, परिविक्षेचा आदेश व भरपाईच्या पावत्या यांच्या प्रमाणित प्रती काढून घ्यायला सांगा. कोर्टाचे जुने दप्तर ठरावीक वर्षांनी नष्ट होते, आणि चारित्र्य पडताळणीचे पत्र नेमके त्यानंतर येऊ शकते.